विषाणू गप्प बसतो, आळ बाईवर येतो

"आधी कुणाला झाला?" एच.आय.व्ही.चा रिपोर्ट घरात आला की पहिला प्रश्न हाच विचारला जातो. औषध कुठे मिळते, मुलांचे रक्त तपासायचे का, हे प्रश्न मागाहून येतात. कित्येक घरांत तर येतच नाहीत. आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते : जिचा रिपोर्ट आधी आला, तिला. बाळंतपणासाठी नाव घालायला गेलेल्या बाईचे रक्त घरात सर्वांत आधी तपासले जाते. म्हणून रिपोर्ट आधी तिचा येतो, म्हणून रोग तिनेच आणला, म्हणून तिने चालते व्हावे!

हा तर्क साफ खोटा आहे. तो खोटा ठरवायला बाईच्या चारित्र्याचा दाखला लागत नाही आणि कुणाच्या दयेचीही गरज नाही. विषाणू पेशीत शिरून काय करतो आणि कसा दडून राहतो, एवढी माहिती पुरते. मात्र ही माहिती डॉक्टरांच्या पुस्तकांत पडून राहते आणि चारचौघांच्या बैठकीत 'आधी कुणाला'चा निवाडा सासरची माणसे करतात. म्हणून मैत्रिणींनो, आज थोडे शास्त्र समजून घेऊ. हे शास्त्र आपल्या कार्यकर्तीच्या तोंडी असायला हवे.

पेशीच्या सात-बारावर

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी काही पेशींच्या अंगावर सीडी-४ नावाचे प्रथिन असते. शरीरात जंतू शिरला की बाकीच्या पेशींना कामाला लावायचे काम या पेशी करतात. त्यांना प्रतिकारशक्तीच्या मुकादम म्हणा. एच.आय.व्ही. नेमका या सीडी-४ ला धरतो, शेजारच्या आणखी एका प्रथिनाचा आधार घेतो आणि आत उतरतो. गावाचा कोतवालच फितवावा, तसला हा प्रकार.

विषाणूजवळ स्वतःचे फार थोडे असते. वाढण्यासाठी लागणारी यंत्रणा त्याच्याकडे नसते. आर.एन.ए.च्या दोन धाग्यांवर लिहिलेला मजकूर आणि दोन-चार विकरे, एवढीच त्याची शिदोरी. पेशीचा मजकूर असतो डी.एन.ए.त. एरवी डी.एन.ए.वरून आर.एन.ए.ची नक्कल होते. हा विषाणू उलटी नक्कल करतो, म्हणजे आपल्या आर.एन.ए.वरून डी.एन.ए. तयार करतो. अशी उलटी नक्कल करणारे विकर काही विषाणूंत असते, हे १९७० साली कळले. त्याच विकराची खूण एका रुग्णाच्या पेशींत पकडून १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत एच.आय.व्ही. हुडकला गेला. ते काम करणाऱ्या शास्त्रज्ञांत फ्रांस्वाझ बारे-सिनुसी ही बाई आघाडीवर होती. २००८ साली तिला त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढची पायरी आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. तयार झालेला हा डी.एन.ए. पेशीच्या केंद्रात जातो आणि पेशीच्याच डी.एन.ए.त कायमचा जोडला जातो. दुसऱ्याच्या सात-बारावर आपले नाव चढवून घ्यावे, तसे! नोंद एकदा चढली की ती पेशी जिवंत असेतोवर खोडली जात नाही. आज हाती असलेल्या कोणत्याही गोळीला ती खोडता येत नाही. आणि पेशीचे विभाजन होऊन एकीच्या दोन झाल्या, की दोघींच्याही उताऱ्यावर तीच नोंद वारसाने उतरते. (बायकोचे नाव सात-बारावर चढायला आपल्याकडे किती जोडे झिजवावे लागतात, ते आठवून पाहा.)

आता ती पेशी कामात असेल, तर ती विषाणूचाच हुकूम पाळू लागते. त्याची प्रथिने बनवते, नवे विषाणू बाहेर सोडते आणि एक-दोन दिवसांत स्वतः मरते. पण सगळ्याच पेशी कामात नसतात. काही 'स्मृतिपेशी' असतात. एकदा येऊन गेलेल्या रोगाची ओळख लक्षात ठेवून त्या वर्षानुवर्षे स्वस्थ पडून राहतात. तोच रोग पुन्हा आला तर जाग्या होतात. अशा पेशीच्या उताऱ्यावर विषाणूची नोंद असली, तर पेशी झोपलेली असेतोवर तीही मुकी राहते. विषाणू बनत नाही, प्रथिन बनत नाही, प्रतिकारशक्तीला आत कुणी आहे याचा पत्ता लागत नाही. आणि औषधांनाही नाही. कारण औषधे अडवतात ते विषाणूचे काम. कुणी उलटी नक्कल अडवते, कुणी डी.एन.ए.ची जोडणी, कुणी नव्या विषाणूची बांधणी. जो कामच करत नाही, त्याला अडवणार कसे?

अमेरिकेतल्या तीन संशोधकगटांनी १९९७ साली हे सिद्ध केले. उत्तम औषधे चालू असलेल्या, रक्तात विषाणू सापडेनासा झालेल्या लोकांच्याही झोपलेल्या पेशींतून त्यांना जिवंत विषाणू बाहेर काढता आला. अशा पेशी फार थोड्या असतात. साधारण दहा लाखांत एखादी. पण हा साठा निम्मा व्हायला पावणेचार वर्षांच्या आसपास लागतात. केवळ औषधांच्या भरवशावर तो संपायचा, तर साठ-सत्तर वर्षे लागतील, असा हिशेब आहे. साठा तयार व्हायला मात्र लागणीनंतरचे थोडे दिवस पुरतात.

दोन गप्पपणांची गल्लत

इथे एक घोटाळा टाळला पाहिजे. एच.आय.व्ही.चे 'गप्प बसणे' दोन प्रकारचे आहे. आताच सांगितला तो पेशीतला गप्पपणा. दुसरा आहे माणसाचा. लागण झाल्यावर औषधाविना आठ-दहा वर्षेसुद्धा माणूस धडधाकट दिसतो, कामधंदा करतो, लग्न करतो, त्याला मुले होतात. या काळाला पूर्वी 'विषाणू झोपेत असण्याचा काळ' म्हणत. ते चूक होते. १९९५ साली संशोधनातून दिसले, की या वरवर शांत वर्षांत शरीरात रोज अब्जावधी नवे विषाणू बनत असतात, आणि पेशी मरत व नव्या बनत असतात. माणूस ठणठणीत दिसतो, विषाणू मात्र एक दिवसही सुट्टी घेत नाही. त्या काळात तो दुसऱ्याला लागूही शकतो.

आता रिपोर्टाकडे येऊ. नेहमीची तपासणी शोधते ती विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये. ती लागणीनंतर काही आठवड्यांत दिसू लागतात आणि पुढे जन्मभर राहतात. तीन महिन्यांपूर्वीची लागण असो की दहा वर्षांपूर्वीची, रिपोर्टवर शब्द एकच : पॉझिटिव्ह. त्या कागदावर तारीख असते ती रक्त काढल्याची. लागणीची तारीख त्यावर नसते आणि कुणाकडून कुणाला, याचा बाण तर नसतोच. सीडी-४ पेशींची संख्या पाहून काही जण अंदाज बांधतात, पण ती संख्या माणसागणिक वेगाने वा सावकाश उतरते. तिच्यावरून कुणाला दोषी ठरवणे म्हणजे पत्रिका पाहून चोर पकडणे.

म्हणजे 'आधी रिपोर्ट' आणि 'आधी लागण' यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. आधी रिपोर्ट कुणाचा, हे ठरते आधी कुणाला तपासले यावरून. आणि आधी कुणाला तपासायचे, हे ठरवते ती आपली समाजव्यवस्था!

आधी कुणाला तपासले?

या देशात एच.आय.व्ही. पहिल्यांदा सापडला तो १९८६ साली मद्रासला. डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी मोठ्या धाडसाने काम केले, आणि रक्ताचे सहा नमुने पॉझिटिव्ह निघाले. सहाही नमुने शरीरविक्रय करणाऱ्या बायकांचे होते, कारण तपासायला घेतलेले रक्त त्यांचेच होते. त्यांना ज्यांनी लागण दिली त्या गिऱ्हाइकांचे रक्त त्या दिवशी कुणी तपासले नाही. पण 'हा रोग त्या बायकांचा' ही समजूत पक्की झाली, आणि पुण्याच्या बुधवार पेठेपर्यंत पोहोचायला तिला वेळ लागला नाही.

मग पुण्यातच त्या समजुतीला तडा गेला. भोसरीला १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. इंग्रजी आद्याक्षरांनी तिचे नाव 'नारी' झाले. आता ते बदलले आहे. या संस्थेच्या डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९६ या काळात पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांची पाहणी केली. त्यांतल्या ३९१ जणी शरीरविक्रय करणाऱ्या नव्हत्या. बहुतेक लग्नाच्या, नवऱ्याखेरीज कुणाशी संबंध न आलेल्या. त्यांच्यांत लागणीचे प्रमाण शेकडा १३.६ निघाले. १९९७ साली हे प्रसिद्ध झाले आणि पुण्याच्या घराघरांत चालू असलेली गोष्ट आकड्यांत मांडली गेली : या बायकांना धोका होता तो त्यांच्या लग्नातून.

एवढे होऊन आज काय दिसते? नवरा आधी आजारी पडून आधी गेला, तर खरे म्हणजे लागण आधी त्याला झाली असण्याचा संभव अधिक. पण तेव्हाही ही पांढऱ्या पायाची, हिने नवऱ्याला खाल्ले! तो धडधाकट असला तर, बघा, त्याला काही नाही, म्हणजे हिचेच काहीतरी. विषाणूच्या गप्प बसण्याचा अर्थ दोन्ही वेळा बाईच्या विरुद्धच लावला जातो. माझ्या कामात अशी नवरेमंडळी भेटतात, जी बायकोच्या रिपोर्टाची झेरॉक्स घेऊन मेहुण्यांकडे जातात आणि स्वतःची तपासणी करायला साफ नकार देतात. 'मला काही होत नाही,' हे त्यांचे प्रमाणपत्र!

'निष्पाप' हा शब्द टाका

आता थोडे आपल्याच घरात पाहू. त्या पाहणीनंतर अनेक पत्रकांत, पथनाट्यांत, भाषणांत 'निष्पाप गृहिणी' अवतरली. हेतू चांगला होता. पण एक बाई निष्पाप ठरली की दुसरी आपोआप पापी ठरते. बुधवार पेठेतल्या बाईला विषाणू कुठून आला? तिच्याकडे येणाऱ्या पुरुषाकडूनच ना? पेशीत शिरताना विषाणू मंगळसूत्र पाहत नाही. सांगलीच्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या बायका आणि पुण्यातल्या सहेली संघाच्या कार्यकर्त्या वर्षानुवर्षे हेच सांगत आल्या आहेत, की आम्हांला रोगाचे उगमस्थान समजू नका.

यावर काही मैत्रिणी विचारतील : मग नवऱ्याने लागण दिली, हे कोर्टात सिद्ध कसे करायचे? प्रश्न खरा आहे आणि उत्तर कडू आहे. जे शास्त्र बाईवरचा आळ खोटा ठरवते, तेच शास्त्र 'यानेच मला दिला' याचाही सहज पुरावा देत नाही. ही तलवार दुधारी आहे. तिची दुसरी धार आपल्याला लागते म्हणून पहिली म्यान करता येणार नाही. म्हणून माझा आग्रह असा, की पोटगी, घर आणि औषध या मागण्या आपण निष्पापतेच्या पायावर उभ्या करूच नयेत. बाईला पोटगी हवी कारण ती पत्नी आहे; घर हवे कारण ते तिचेही घर आहे. लागण आधी तिला झाली असली, लग्नाआधी झाली असली, तरीसुद्धा!

कायदा या बाबतीत आपल्या काही पावले पुढे आहे. एच.आय.व्ही. आणि एड्स कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीवाचून तपासणी नाही, संमतीवाचून रिपोर्ट फोडणे नाही. जोडीदाराला कळवल्याने, विशेषतः स्त्रीच्या बाबतीत, मारहाण होईल वा तिला टाकून दिले जाईल अशी रास्त भीती असेल, तर डॉक्टरने कळवू नये, असे त्यात स्पष्ट आहे. सामायिक घरात राहण्याचा बाईचा हक्क त्यात आहे. आणि कुठेही अशी अट नाही, की आधी लागण कुणाला झाली ते सांगा.

आळ घेणे किती सोपे असते, याचे उदाहरण पुण्याचेच आहे. बायकोला एच.आय.व्ही. आहे असे सांगत एका नवऱ्याने घटस्फोट मागितला. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयाने तो नाकारला, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही त्याचे अपील फेटाळले. लागण असल्याचा पुरावाच त्याच्याकडे नव्हता! लागण नसताना जिथे ही वेळ येते, तिथे लागण असलेल्या बाईचे काय होत असेल?

हिंदू विवाह कायद्यात 'संसर्गजन्य स्वरूपातला गुप्तरोग' हे घटस्फोटाचे कारण आहे. त्याच्याशी लढायलाही शास्त्र कामी येते. औषधे नियमित घेऊन रक्तातला विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही, हे आता निर्विवाद आहे. झोपलेल्या पेशींत नोंद असली, तरी बाहेर विषाणू नाही. मग 'संसर्गजन्य स्वरूप' उरले कुठे? आपल्या वकील मैत्रिणींनी हा मुद्दा जोरात लावून धरावा.

तांदळाच्या डब्यातल्या गोळ्या

पण 'औषधे नियमित घेऊन' हे शब्द लिहायला सोपे आहेत. झोपलेला साठा आयुष्यभर टिकतो, याचा व्यवहारातला अर्थ असा, की गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. गोळी थांबली की बहुतेकांच्या रक्तात दोन-तीन आठवड्यांत विषाणू परत येतो. मिसिसिपीमध्ये २०१० साली जन्मलेल्या एका मुलीला जन्मानंतर तीस तासांत औषधे सुरू झाली होती. पुढे ती बंद पडल्यावरही सव्वादोन वर्षे विषाणू दिसला नाही, आणि या काळात ती बरी झाली असेही जाहीर झाले. २०१४ साली विषाणू परतला. इतका काळ तो कुठल्या तरी मोजक्या पेशींत गप्प होता. गोळ्या कधी चालू कधी बंद राहिल्या, तर औषधाला न जुमानणारे विषाणूही तयार होतात.

आणि बाईच्या गोळ्या खंडित का होतात? ती निष्काळजी असते म्हणून? गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवाव्या लागतात. बाटली खुळखुळते म्हणून त्या फडक्यात बांधाव्या लागतात. सासरी मयत झाले म्हणून दहा दिवस गावी राहावे लागते. ऊसतोडीला सहा-सहा महिने फडावर जावे लागते. केंद्रावर जायला एसटीचे भाडे मागायचे, तर कारण सांगावे लागते. सरकारने १ एप्रिल २००४ पासून मोफत औषधे सुरू केली, २०१७ पासून लागण असलेल्या प्रत्येकाला औषध हे धोरण आले. ही लहानसहान गोष्ट नाही. त्यासाठी लोक लढले आहेत. पण गोळी मोफत मिळाली तरी ती उघडपणे गिळण्याची मोकळीक मोफत मिळत नाही. घरातली दहशत आणि पेशीतला झोपलेला विषाणू यांची अशी युती आहे : एक गोळी चुकवायला लावते, दुसरा त्या चुकण्याची वाट पाहत असतो. 'औषधाकडे दुर्लक्ष' असा शेरा बाईच्या कागदावर मारण्यापूर्वी तिच्या घरात डोकावून पाहायला हवे.

संशोधनातही बाई मागच्या दाराने

जगभर आता हा साठा संपवण्याचे प्रयत्न चालू आहेत. झोपलेल्या पेशींना जागे करून मग मारायचे, ही त्यातली एक वाट. पण हे प्रयोग कुणावर होतात? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात दिसले, की रोग समूळ बरा करण्याच्या प्रयोगांत स्त्रियांचे प्रमाण शेकडा ११ च्या आसपास होते. जगात लागण असलेल्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया, आणि प्रयोगांत दहात एक! २०१८ साली असे आढळले, की इस्ट्रोजेन हे स्त्रियांमधले संप्रेरक झोपलेल्या विषाणूला झोपलेलाच ठेवायला हातभार लावते. म्हणजे पुरुषांवर बेतलेले 'जागे करण्याचे' औषध बायकांना तसेच लागू पडेल, असे धरून चालता येत नाही. शिवाय आपल्याकडे आढळतो तो मुख्यतः 'सी' उपप्रकार, आणि बरेचसे संशोधन झाले आहे ते पाश्चात्त्य देशांतल्या 'बी' उपप्रकारावर. देशात आज पंचवीस लाखांच्या आसपास लोक एच.आय.व्ही.सह जगतात, शंभरात चव्वेचाळीस-पंचेचाळीस बायका. महाराष्ट्रातली संख्या देशात सर्वांत मोठी. तपासायला पहिली आणि संशोधनात शेवटची, अशी ही बाईची जागा आहे.

तर मागण्या

एक : गरोदरपणाची तपासणी करताना नवऱ्यालाही त्याच वेळी, त्याच्या संमतीने, तपासणीस बोलवावे. तो आला नाही तर तशी नोंद व्हावी.

दोन : प्रत्येक पॉझिटिव्ह रिपोर्टावर मराठीत एक ओळ छापावी : 'या तपासणीवरून लागण केव्हा झाली किंवा कुणाकडून झाली, हे कळत नाही.' एका ओळीला खर्च किती येतो?

तीन : स्थलांतर करणाऱ्या बायकांना अनेक महिन्यांच्या गोळ्या एकदम, साध्या पुडक्यात, आणि जिथे असतील त्या केंद्रावर मिळाव्यात.

चार : आपल्या सल्ला केंद्रांनी 'आधी कुणाला' हा प्रश्न विचारायचा नाही, आणि दुसऱ्याने विचारला तर उत्तर द्यायचे नाही.

पाच : आपल्या पैशांवर चालणाऱ्या संशोधनात बायका किती, हा आकडा दरवर्षी जाहीर व्हावा.

पुढच्या वेळी वस्तीतल्या बैठकीत कुणी रिपोर्ट फडकावून विचारले, "आधी कुणाला झाला ते सांगा," तर आपल्या कार्यकर्तीने तो कागद हातात घ्यावा, उलटसुलट करून सगळ्यांना दाखवावा आणि म्हणावे : "यावर तारीख कुठे आहे ती दाखवा. नाही ना? मग आता औषधाचे बोलू."